म्हातारपणीचं बळ आणि माशाचं तेल

दुबई, शारजा, अबू धाबीतल्या मराठी घरांत आईवडील राहायला आले की थोड्याच दिवसांत जेवणाच्या टेबलावर एक बाटली येते. आत पिवळसर, पारदर्शक, बोटाच्या पेराएवढ्या कॅप्सूल. कधी कॉड लिव्हर ऑइल, कधी नुसतं फिश ऑइल, कधी ‘ओमेगा ३-६-९’. आईला खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, बाबा चालताना मागे पडतात, हे मुलांच्या नजरेत भरतं आणि कोपऱ्यावरच्या फार्मसीतून ती बाटली आणली जाते. आणण्यामागे माया असते, म्हणूनच हा प्रश्न नीट तपासून पाहायला हवा. तेलाच्या या गोळ्यांनी म्हाताऱ्या स्नायूंना बळ येतं का? गेल्या पंधरा वर्षांत यावर भरपूर काम झालंय आणि माझ्या मते उत्तर आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मोठ्या मात्रेनं, काही जणांना, थोडं बळ येतं. टेबलावरच्या बाटलीतली रोज एक कॅप्सूल घेऊन जवळजवळ काहीच येत नाही.

पन्नाशीनंतर स्नायू झडू लागतात हे बहुतेकांना ठाऊक असतं. ताकद त्याहून कितीतरी वेगानं जाते, हे कमी लोकांना माहीत असतं. त्यामुळे वजनकाट्यावर काही कळत नाही. माणूस तेवढ्याच वजनाचा दिसतो आणि बसमध्ये चढताना मात्र दांडी धरावी लागते. आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती पुण्यातच नीट दाखवली गेली. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू मुळातच कमी असतात. म्हणजे म्हातारपण सुरू होतं तेव्हा आपल्या गाठीची पुंजी आधीच थोडी असते.

त्यात अमिरातीतलं राहणं. चिपळूणच्या किंवा सांगलीच्या घरात आई दिवसातून किती वेळा जमिनीवर बसून उठत होती, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. देवपूजा, भाजी निवडणं, उकिडवं बसून केर काढणं, मंडईपर्यंतची फेरी, वाड्याचा जिना. हे सगळे मांड्यांचे आणि कुल्ल्यांचे व्यायामच होते, फक्त त्यांना कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. करामातल्या किंवा अल नहदामधल्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये लिफ्ट आहे, कमोड आहे, सोफा आहे, खाली गाडी उभी आहे. जून ते सप्टेंबर बाहेर पडायची सोय नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात भरदुपारी उघड्यावर काम करून घ्यायला या देशात कायद्यानंच बंदी आहे, तिथे सत्तरीच्या माणसानं फिरायला जावं कसं? मुलांना वाटतं, आईबाबांना आराम मिळाला. पायांच्या दृष्टीनं पाहिलं तर त्यांचं रोजचं काम काढून घेतलं गेलं. पंचावन्न वर्षांवरच्यांना निवृत्तीचा व्हिसा मिळू लागल्यापासून तर इथेच म्हातारं व्हायचं ठरवणारेही वाढताहेत. त्यामुळे हा आता सुटीपुरता प्रश्न राहिलेला नाही.

आता तेलाकडे. माशाच्या तेलात ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ मेदाम्लं असतात. स्नायूशी त्यांचा संबंध असावा, हा संशय आधी आहाराच्या पाहणीतून आला. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात ५९ ते ७३ वर्षांच्या जवळजवळ तीन हजार स्त्रीपुरुषांची मुठीची पकड मोजली होती. २००८ च्या त्या अहवालात आठवड्याला तेलकट मासळीचा एका वेळचा वाढीव वाटा पुरुषांत ०.४३ किलो आणि स्त्रियांत ०.४८ किलो जास्त पकडीशी जोडलेला दिसला. पण मासे खाणारा माणूस इतरही बरंच काही वेगळं करत असतो, त्यामुळे अशा पाहणीवर फार भिस्त ठेवता येत नाही.

खरी कलाटणी दिली ती अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कामानं. २०११ मध्ये गॉर्डन स्मिथ, बेटिना मिटेनडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी १६ वृद्धांना आठ आठवडे माशाचं तेल किंवा मक्याचं तेल दिलं. उपाशीपोटी स्नायूंची बांधणी दोन्ही गटांत सारखीच होती. रक्तात अमिनो आम्लं आणि इन्सुलिन सोडल्यावर मात्र मासळीच्या तेलाच्या गटात बांधणीचा वेग जास्त वाढला. वय झालं की स्नायू जेवणातल्या प्रथिनांना पूर्वीसारखी दाद देत नाहीत, आणि हे तेल ती दाद थोडी परत आणतं, असा त्याचा अर्थ. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. तेलातून स्नायू बनत नाही, तो प्रथिनांतूनच बनतो. ताटात प्रथिनंच नसतील तर हे तेल करणार काय?

याच गटानं २०१५ मध्ये ६० ते ८५ वयाच्या ६० निरोगी माणसांवर सहा महिन्यांची चाचणी केली. मक्याच्या तेलाच्या तुलनेत मांडीच्या स्नायूचं आकारमान ३.६ टक्के, पकड २.३ किलो आणि एका वेळी उचलता येणारं कमाल वजन ४ टक्के जास्त भरलं. व्यायाम न करता मिळालेला हा फायदा लहान नाही. वर्तमानपत्रांतून आणि जाहिरातींतून जे ‘संशोधनानं सिद्ध’ म्हणून फिरतं, त्यात या चाचणीचा वाटा मोठा आहे.

पण आता टेबलावरची बाटली उचलून मागची बारीक अक्षरं वाचा. पुढे मोठ्या अक्षरात ‘१००० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं. तो आकडा तेलाचा. त्यातलं कामाचं किती? नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, मिळून ३०० मिलिग्रॅम. सेंट लुइसच्या चाचणीत रोजची मात्रा ईपीए १.८६ ग्रॅम आणि डीएचए १.५ ग्रॅम, मिळून ३.३६ ग्रॅम होती. म्हणजे तेवढं पोटात जायला साध्या बाटलीतल्या अकरा कॅप्सूल रोज लागतील. कॉड लिव्हर ऑइलच्या छोट्या कॅप्सूल असतील तर आणखी जास्त. कॉडच्या तेलात ‘अ’ जीवनसत्त्वही असतं आणि ते अंगात साठतं, त्यामुळे त्या मुठीनं खाणं घातकच. जाहिरात चाचणीच्या निकालाची आणि विक्री दहाव्या हिश्श्याच्या मात्रेची, हा सगळ्या व्यवहारातला मोठा दोष आहे आणि तो ग्राहकाला कुणी सांगत नाही.

मग कमी मात्रेचं काय? त्याचीही परीक्षा झाली, आणि मोठ्या प्रमाणावर झाली. फ्रान्समधल्या ‘मॅप्ट’ चाचणीत सत्तरीपुढच्या १,६८० जणांना तीन वर्षं रोज एक ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ किंवा औषध नसलेली कॅप्सूल दिली. स्नायूंच्या ताकदीत फरक पडला नाही. युरोपातल्या पाच देशांत झालेल्या ‘डू-हेल्थ’ चाचणीत २,१५७ जण होते, तेही सत्तरीपुढचे, आणि तिचा निकाल २०२० मध्ये आला. रोज एक ग्रॅम ओमेगा-३ घेऊन तीन वर्षांनी चालणं, तोल, खुर्चीतून उठणं यांत लक्षणीय सुधारणा नाही. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत तर पंचवीस हजारांवर माणसं होती. तिथेही रोजच्या एका कॅप्सूलनं अंगातला अशक्तपणा टळला नाही. एवढ्या माणसांवर, एवढी वर्षं पाहून काही दिसत नसेल, तर एक ग्रॅमनं बळ येतं असं म्हणायला आधार उरत नाही.

‘डू-हेल्थ’मधली एक बाब मात्र लपवून चालणार नाही, कारण ती माझ्या पुढच्या म्हणण्याच्या आड येते. त्या चाचणीत घरच्या घरी करायचा साधा व्यायामही होता, आठवड्यातून तीनदा अर्धा तास, आणि त्यानंही फरक पडला नाही. पण त्यात भाग घेणारे बहुतेक जण निरोगी आणि आधीच हिंडतेफिरते होते, आणि व्यायामही हलका होता. जो रोज डोंगर चढतो त्याला जिना चढायला सांगून त्याची मांडी वाढत नाही. दिवसभर सोफ्यावर बसणाऱ्याची गोष्ट वेगळी.

व्यायाम आणि तेल एकत्र दिल्यावर चित्र थोडं उजळतं. ब्राझीलमध्ये ६४ च्या आसपास वय असलेल्या ४५ स्त्रियांनी ९० दिवस वजनांचा व्यायाम केला. ज्यांनी सोबत रोज दोन ग्रॅम माशाचं तेल घेतलं, त्यांची ताकद नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली. २०१७ मध्ये ॲबरडीनला १८ आठवड्यांची अशीच चाचणी झाली, रोज तीन ग्रॅम तेलाची. तिथे फायदा स्त्रियांना झाला, पुरुषांना झाला नाही. असं का, याचं समाधानकारक स्पष्टीकरण मिळालेलं नाही, पण आपल्याकडे आईच्या पायातली ताकद आधी जाते हे घरोघरी दिसतं, तेव्हा ही नोंद दुर्लक्षू नये. ग्लासगोत ६५ वर्षांवरच्या १०२ जणांपैकी काहींना सहा महिने रोज चार ग्रॅम क्रिल तेल, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक समुद्री जीवाचं तेल दिलं, तेव्हा त्यांच्या मांडीची ताकद ९.३ टक्के आणि पकड १०.९ टक्के वाढली. ही माणसं फारशी हालचाल न करणारी होती. निकाल चांगला आहे, पण पैसा क्रिल तेल बनवणाऱ्या कंपनीचा होता, आणि एवढ्या मोठ्या फायद्याची फेरतपासणी दुसऱ्या कुणीतरी करायला हवी. २०२० मध्ये तैवानच्या संशोधकांनी दहा चाचण्या एकत्र मांडल्या. स्नायू सरासरी ३३० ग्रॅम वाढले, दोन ग्रॅमहून जास्त मात्रा घेणाऱ्यांत ६७० ग्रॅम, आणि उठून चालून परत बसायला लागणारा वेळ ०.३ सेकंदानं घटला. ‘थोडं बळ’ मी म्हणतो ते एवढंच.

शाकाहारी घरांचं काय? आधी एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट. कॅप्सूलचं कवच सहसा जिलेटिनचं असतं, म्हणजे जनावराच्या किंवा माशाच्या हाडाकातड्यातून काढलेलं. ‘आई, हे औषधच आहे’ असं म्हणून माळकरी बाईला ती देणं मला बरोबर वाटत नाही. तिला सांगून, तिच्या संमतीनंच द्यावी. समुद्री शेवाळातून काढलेल्या डीएचएच्या शाकाहारी कॅप्सूल अमिरातीत मिळतात, महाग असतात. जवस हा आपला जुना मित्र. विदर्भात आणि सोलापूरकडे जवसाची चटणी ताटात असतेच. पण जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं आहे. शरीर त्यातलं फार थोडं ईपीएमध्ये बदलतं आणि डीएचएमध्ये तर नाममात्र. कॅनडात ५१ वृद्धांनी १२ आठवडे वजनांचा व्यायाम केला, त्यांपैकी काहींनी सोबत रोज ३० मिलिलिटर जवसाचं तेल घेतलं. ताकदीवर परिणाम अगदी किरकोळ. चटणी जरूर खावी, चवीसाठी, पोटासाठी. मांडीसाठी म्हणून तेलाच्या बाटल्या आणू नयेत.

खोबरेल तेलाचा एक गैरसमज इथे मल्याळी शेजाऱ्यांपासून आपल्या कोकणी मंडळींपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. जपानमध्ये वृद्धाश्रमातल्या ३८ अतिवृद्धांवर एक चाचणी झाली. सरासरी वय ८६ च्या पुढे. मध्यम साखळीचं मेद रोज सहा ग्रॅम, सोबत ल्युसिन हे अमिनो आम्ल आणि ‘ड’ जीवनसत्त्व दिल्यावर तीन महिन्यांत त्यांची पकड आणि चालण्याचा वेग वाढला. बातमी पसरली आणि खोबरेल म्हणजेच ते मेद असं लोक धरून चालले. चाचणीतलं मेद आठ आणि दहा कर्बांच्या साखळीचं. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं, बारा कर्बांचं, आणि आठ-दहाचं प्रमाण थोडंच. त्यामुळे सकाळी चमचाभर खोबरेल पिऊन जपानी आजीसारखे पाय होणार नाहीत. आखातात मान असलेल्या कलौंजीच्या तेलाबद्दल आणि ऑलिव्ह तेलाबद्दल एवढंच सांगतो, की म्हातारपणीच्या ताकदीसाठी त्यांच्या बाजूनं भक्कम चाचणी नाही. ऑलिव्ह तेल स्वयंपाकाला उत्तम, पण तो हृदयाचा विषय.

माशाच्या तेलाला शक्तीचं तेल म्हणायची सवय जुनी आहे, आणि तिच्यामागे खरी गोष्ट आहे ती ‘ड’ जीवनसत्त्वाची. कॉडच्या तेलानं मुडदूस बरा होतो हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्कं झालं. दुसऱ्या महायुद्धात कॉडच्या तेलाची आयात अडली तेव्हा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मुशीच्या, म्हणजे शार्कच्या यकृताचं तेल काढायचे कारखाने निघाले. आखातातल्या लोकांना हे तेल परकं नव्हतं. आपल्या लाकडी गलबतांना ते लोक हे तेल चोपडत असत. आज या कडक उन्हाच्या देशात ‘ड’ जीवनसत्त्वाची वाण आहे, हे ऐकून नव्यानं आलेल्याला नवल वाटतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमिरातीत राहणाऱ्या १३६ देशांच्या ६०,९७९ रुग्णांचे अहवाल पाहिले, त्यांपैकी ८२.५ टक्के लोकांत ते कमी होतं. हे तपासणीला आलेले लोक होते, सगळी लोकसंख्या नव्हे, तरी घरात बसलेल्या आईबाबांची तपासणी करून घ्यायला एवढं पुरे. फारच कमी असेल तर स्नायू खरोखर दुबळे पडतात आणि ते भरून काढल्यावर बरं वाटतं.

पण इथेही अतिउत्साह नको. पुण्यामुंबईहून येताना बॅगेत ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पाकिटं हमखास असतात आणि डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे संपले तरी चालू राहतात. झुरिकमध्ये सत्तरीपुढच्या, आधी पडलेल्या २०० जणांवर वर्षभर चाचणी झाली. महिन्याला ६०,००० युनिट घेणाऱ्यांपैकी ६६.९ टक्के जण वर्षात पुन्हा पडले, २४,००० घेणाऱ्यांपैकी ४७.९ टक्के. जास्त दिल्यानं पाय बळकट झाले नाहीत, उलट पडणं वाढलं.

तेलाचेही धोके आहेत. २०२१ मध्ये सात चाचण्यांतली ८१ हजारांवर माणसं एकत्र पाहिली, तेव्हा रोज एक ग्रॅमपेक्षा जास्त ओमेगा-३ घेणाऱ्यांत हृदयाची लय बिघडण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोका ४९ टक्के जास्त दिसला. एक ग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत १२ टक्के. म्हणजे जी मात्रा स्नायूला थोडी उपयोगी पडते, तीच हृदयाला त्रास देऊ शकते. ज्यांना आधीच धडधड आहे, ज्यांचं रक्त पातळ करण्याचं औषध चालू आहे, त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही वाट धरूच नये. आणि घेतलंच तर बाटली ऑगस्टमध्ये गाडीत विसरू नका. उष्णतेनं हे तेल खवट होतं. एक कॅप्सूल दाताखाली फोडून पाहा, उग्र कुजका वास आला तर सरळ टाकून द्या. दुबईत सप्लिमेंटची नोंदणी पालिकेच्या ‘मोंताजी’ यंत्रणेत होते. ती चांगली सोय आहे, पण ती नोंदणी म्हणजे पायात बळ येण्याची हमी नव्हे.

मग बळ येतं कशानं? याचं उत्तर १९९४ मध्ये बोस्टनला मिळालं, आणि त्याहून चांगला पुरावा मला आजवर दिसलेला नाही. मारिया फिअटारोन यांनी वृद्धाश्रमातल्या १०० जणांवर दहा आठवड्यांची चाचणी केली. सरासरी वय ८७. काहींना वजनांचा चांगला जोरदार व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्के वाढली, म्हणजे दुपटीहून जास्त. जिना चढण्याचा जोर २८ टक्के वाढला. नुसतं पौष्टिक पेय घेणाऱ्यांत काहीही बदल नाही. सत्त्याऐंशीव्या वर्षी स्नायू ऐकतात, पण त्यांच्यावर भार टाकला तरच.

म्हणून माझा आग्रह आहे की बाटलीचे दिरहम आधी फिजिओथेरपिस्टच्या चार भेटींवर खर्च करावेत. बाबांच्या गुडघ्याला, आईच्या पाठीला झेपेल असा भार तो ठरवून देईल. घोट्याला बांधायच्या वजनाच्या पट्ट्या, रबरी पट्टे इथे कुठल्याही खेळाच्या दुकानात मिळतात. उन्हाळ्यात चालायला मॉल आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दुबईनं मॉलेथॉन भरवून सकाळी सात ते दहा मोठे मॉल चालणाऱ्यांसाठी मोकळे केले होते. मात्र चालण्यानं दम सुधारतो, मांडीची ताकद फारशी वाढत नाही. त्यासाठी उठबस आणि वजनच हवं.

दुसरा खर्च ताटावर. म्हातारपणी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या आईला ६० ते ७२ ग्रॅम. दोन पोळ्या, वाटीभर वरण, भाजी, ताक या जेवणात पंधराच्या आसपास भरतात. सकाळी चहा-बिस्कीट आणि रात्री खिचडी असेल तर दिवसाचे चाळीससुद्धा होत नाहीत. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर घट्ट दही, पनीर, अंडी, मोडाची उसळ, सोया वाढवावं. मासे खाणाऱ्यांनी देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटमध्ये सुरमई-पापलेटवरून नजर थोडी खाली न्यावी. बांगडा आणि तारली स्वस्त आणि सुरमईपेक्षा तेलकट. शंभर ग्रॅममध्ये वीसेक ग्रॅम प्रथिनं आणि, हंगामानुसार, ग्रॅमभर ओमेगा-३. म्हणजे साध्या तीन कॅप्सूल, आणि वर प्रथिनं. हमूर कितीही चविष्ट असला तरी त्यात तेल नसतंच म्हटलं तरी चालेल. तळण्यापेक्षा तिरफळं घालून कालवण करावं.

औषध म्हणून दोन-तीन ग्रॅम ओमेगा-३ घ्यायचं कुणासाठी? ज्यांचं हृदय ठीक आहे, जे आठवड्यातून दोनतीनदा भार घेऊन व्यायाम करताहेत, पुरेसं जेवताहेत आणि मासे खात नाहीत, त्यांनी, विशेषतः बायकांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सहा महिने घेऊन पाहायला हरकत नाही. सुरू करण्याआधी एक मोजमाप करून ठेवा. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली, साध्या उंचीची खुर्ची घ्या. दोन्ही हात छातीवर आडवे. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, असं पाच वेळा. घरातलं कुणीतरी शेजारी उभं राहून मोबाइलवर वेळ लावेल. आशियाई लोकांसाठी ठरवलेली मर्यादा १२ सेकंदांची आहे. त्याहून जास्त वेळ लागला, किंवा हात टेकल्याशिवाय उठताच आलं नाही, तर डॉक्टरांकडून मुठीची पकड मोजून घ्यावी. तिथे पुरुषांसाठी २८ किलो आणि स्त्रियांसाठी १८ किलोच्या खाली आकडा आला तर तो स्नायूंचा आजार समजून उपचार सुरू करायचे असतात. सेकंद वहीत तारीख घालून लिहा आणि दर महिन्याला त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा. सहा महिन्यांत आकडा उतरला नाही, तर तेल बंद करून व्यायामाचा भार आणि ताट पुन्हा तपासायचं.